थंडोबाची बियर आणि पाटीवरचं टिंब

…आणि हो, ‘भाडं’ लिहिशील ना, तेव्हा त्याच्या डोक्यावर टिंब देऊ नकोस हं. भाडं म्हणजे गाडीचं भाडं, बोटीचं भाडं. टिंब दिलंस की झालं भांडं, ओट्यावरचं. मला लिहिता येत नाही, पण हे एक टिंब मला पाठ आहे, कारण सगळी गंमत त्यातच आहे. बाकीच्या चुका कर खुशाल, मला कुठे कळणारेत!

हां, तर थंडोबा. तुझ्या आजोबांचा मावसभाऊ. नात्यानं माझा लांबचा दीर, पण घराला घर लागून, म्हणून सख्ख्यापेक्षा जवळचा. त्याचं खरं नाव कागदावरच राहिलं. घाई म्हणून नव्हतीच त्याला कसली. हा अंगण ओलांडायला लागला की शेजारच्या घरातल्या माणसाचं जेवण उरकायचं. एकदा शेजारी धूर निघाला तर सगळे धावले, आणि हा आधी चपलेचा दुसरा पाय शोधत बसला. आणि बोलायचा नाकात. अगदी गेंगाणा. त्यानं ‘आई’ म्हटलं तरी ‘आंई’ ऐकू यायचं. त्याचं बोलणं मी आपलं साधंच सांगते, नाहीतर प्रत्येक अक्षराला टिंब देऊन देऊन तुझा हात दुखेल.

तरुणपणी तो बियरच्या मोठ्या कारखान्यात टाक्या धुवायला होता. धुता धुता बघून बघून शिकला. पण तिथं सगळं धावतपळत, भोंगा वाजला की हे, भोंगा वाजला की ते. ह्याच्या स्वभावाला ते मानवणारं नव्हतं. सोडलंन. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तांब्याचं एक मोठं तपेलं आणून बसवलं, तुझ्यासारख्या दोघी आत बसतील एवढं, आणि स्वतःची बियर करायला लागला.

मोड आणून भाजलेले जव यायचे पोत्यातून. ते भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे, त्याचं गोड पाणी निघतं ते तपेल्यात उकळायचं. त्यात कडवट फुलं टाकायची. मग गार करून खमीर सोडायचं आणि पिंपात भरून ठेवायचं. ठेवायचं म्हणजे ठेवायचंच. कुणी विचारलं, "झाली का रे?" की हा म्हणायचा, "झोपलीय. उठली की सांगतो." रोज सकाळी पिंपाला कान लावून उभा राहायचा. आत बुडबुडे येतात, ते ऐकायचा. त्याची बायको दारातून बघायची आणि म्हणायची, "एवढा कान कधी माझ्या बोलण्याला लावला असता तर आज आपलं घर दुमजली असतं."

"तू न लावताही ऐकू येतेस," हा म्हणायचा.

सगळा माल जायचा कोपऱ्यावरच्या बारमध्ये. बारवाला बरा माणूस होता, फक्त वारा जिकडे, तिकडे त्याची पाठ. वर्षानुवर्षं थंडोबाचं पिंप त्याच्या फळीवर असायचं, तोटी फिरवली की ग्लास भरला. मग एके दिवशी बारमध्ये काचेच्या दाराचा फ्रिज आला. आत दिवा. दिव्याखाली हिरव्या बाटल्या, गळ्याला सोनेरी कागद, वरचं नाव कुणाला धड वाचता येत नव्हतं. बाहेरच्या देशातली बियर! भाव थंडोबाच्या ग्लासाच्या दुपटीच्याही वर. आणि लोक तीच मागायला लागले. परवडत नसली तरी एक तरी हातात धरून बसायचे, रस्त्यावरून दिसेल अशी.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बारवाला शेडमध्ये आला, पोत्यावर बसला, घाम पुसला.

"थंडोबा, तुझी बियर चांगली आहे रे. तोच तर घोळ आहे. चांगली आहे आणि स्वस्त आहे. लोकांना वाटतं दोन्ही एकदम कसं असेल? म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय."

"पाणी मुरतंच की. त्याशिवाय बियर कशी होईल?"

"थट्टा नको. मी सांगतो तसं कर. भाव दुप्पट लाव, बाटलीत भर, सोनेरी कागद चिकटव, आणि काहीतरी अवघड नाव ठेव."

"दुप्पट कशासाठी, मालक?"

"कशासाठी म्हणजे? त्यांची दुप्पट आहे म्हणून."

"मग त्यांची का आहे?"

बारवाल्यानं पुन्हा घाम पुसला. "बाहेरची आहे म्हणून!" म्हणाला. मग उठता उठता खरं काय ते बोलला, की उन्हाळा संपेपर्यंत तुझं पिंप ठेवतो, नंतर ती जागा मला दुसऱ्या फ्रिजला लागेल.

म्हणजे बघ, पिंप गेलं की गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईक गेलं की तपेलं गेलं. बातमीला पाय फुटतात. लगेच भंगारवाला येऊन तपेल्यावर टकटक करून गेला. "तांबं झकास आहे हो, कधी काढायचं ते कळवा." तो गेल्यावर थंडोबा जिथं त्यानं टकटक केली होती ती जागा फडक्यानं पुसत बसला. बायकोनं ते पाहिलं. तिची जीभ तिखट, पण डोळे काही आंधळे नव्हते.

"विकायचं तर विका," ती म्हणाली, "पण मग दिवसभर माझ्या पायात घुटमळायचं नाही. मला घरात एक मांजर पुरे आहे."

थंडोबाच्या डोक्यात मात्र तो प्रश्न रुतून बसला होता. का महाग? त्यानं बारमधून एक हिरवी बाटली विकत आणली. बारवाला हसला, "अखेर तूसुद्धा?" ह्यानं घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन स्टीलचे पेले मांडले, एक बायकोपुढे, एक स्वतःपुढे. बायकोनं घोट घेतला, ओठ पुसले.

"चांगली आहे हो."

"चांगलीच आहे," तो म्हणाला. "कुणीतरी नीट केलीय. घाई नाही केली." असं म्हणाला आणि त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल त्याला बरंच वाटलं. "थोडी दमलीय फक्त. लांबून आलीय ना."

"मग तुमच्यापेक्षा दुप्पट चांगली आहे का?"

त्यानं दुसरा घोट घेतला, डोळे मिटले. मांजर येऊन टेबलाखाली बसलं, उठून गेलं, तरी ह्याचे डोळे मिटलेलेच. शेवटी म्हणाला, "नाही. बरोबरीची आहे. मग वरचे पैसे कशाचे?"

त्याच्या बायकोचा भाऊ बंदरावर ट्रक चालवायचा. बडबड्या, हसरा, हातात कायम गाडीची किल्ली गरगर फिरवणारा. त्याला हे कळलं तर म्हणाला, "दाजी, घरात डोळे मिटून काय सापडणार? चला माझ्याबरोबर. त्या बाटल्या मीच तर आणतो."

गेला हा. जन्मात पहिल्यांदा सकाळी वेळेवर उठला. आणि दिवसभर एका खोक्यामागे हिंडला म्हण ना! लोखंडी पेटाऱ्यातून बाटल्या येतात, त्या पेटाऱ्याचं भाडं. पेटारा उचलतं ते यंत्र, त्याचं भाडं. जकातीच्या कचेरीत साहेब शिक्का मारतो, ती सरकारची जकात. शिक्का व्हायला वेळ लागतो तोवर पेटारा आवारात पडून असतो, त्या पडून राहण्याचंही भाडं! मग थंड गोदाम, त्याच्या विजेचं वेगळं. काही बाटल्या फुटलेल्या निघाल्या, त्यांचे पैसे न फुटलेल्यांवर चढले. मग मोठा व्यापारी, मग छोटा व्यापारी, मग हा मेहुणा आणि त्याचा ट्रक. थंडोबानं एक रिकामी हिरवी बाटली हातात घेऊन पाहिली. काच केवढी जड! म्हणजे भाडं देऊन आणलं त्यात काचच किती.

"लबाड आहेत का रे हे सगळे?" त्यानं विचारलं.

"लबाड कसले, दाजी? यंत्रवाल्याला पोरंबाळं नाहीत का? मला नाहीत का? जो हात लावतो तो आपलं घेतो. झाकण न काढता प्रत्येक जण एकेक घोट घेतो म्हणा."

दुपारी ते डबा खायला एका भिंतीच्या सावलीला बसले. तिथं जहाजावरचा एक आचारी बसला होता. जिथून ती हिरवी बियर येते तिथलाच. आपली भाषा मोडकीतोडकी बोलायचा. मेहुण्यानं त्याला बाटली दाखवली, बारमधला भाव सांगितला. त्या माणसानं कपाळाला हात लावला.

"ही? ही आमच्या गल्लीतली! माझा बाप कामावरून येताना किटली भरून आणायचा. कुणी पाहुणे आले तर आम्ही ही लपवायचो आणि दुसऱ्या देशाची आणायचो."

थंडोबानं डब्याबरोबर आपली बियर एका बाटलीत भरून आणली होती. त्यानं ती त्याला दिली. आचाऱ्यानं चाखली, मान हलवली, परत चाखली. मग म्हणाला, "हीच मी तिकडे नेली तर?"

"नेऊन बघा," मेहुणा किल्ली फिरवत म्हणाला. "पोचेपर्यंत सोन्याची होईल. तिकडचे लोक फ्रिजमध्ये दिव्याखाली ठेवतील आमच्या दाजींना."

तिघेही हसले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, ते इथलंच नाही बाई, तिथलंही तसंच. आणि दुरून डोंगर साजरे असतील, पण त्या डोंगराला घरी आणायचं तर हमाली पडतेच.

परत येताना ट्रकमध्ये थंडोबा एकदम म्हणाला, "आपण बियर नाही पीत. भाडं पितो." बोलला नाकात, तेव्हा मेहुणा म्हणाला, "भांडं कसं पिणार, दाजी? दात पडतील." ह्यानं परत सांगितलं, त्यानं परत तेच ऐकलं. शेवटी समोरच्या गाडीकडे बोट करून दाखवलं तेव्हा कुठे उजेड पडला.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलं आणि नेमका खोचक प्रश्न टाकला, "मग कारखान्याची तुमच्यापेक्षाही स्वस्त आहे, ती का? तिला कुठे बोट लागते?"

"ते तपेल्यात नाही शिजवत, तळ्यात शिजवतात. आणि तिला झोपू देत नाहीत. मी चांगले जव घेतो, थोडीच करतो, म्हणून त्यांच्यापेक्षा महाग. पण इथंच करतो, म्हणून बाहेरचीपेक्षा स्वस्त. चांगली-वाईटचा ह्यात काही संबंध नाही."

"अहो, मग हे माझ्या कानात सांगून काय उपयोग? मी काय बार चालवते? लोकांना सांगा. पाटी लावा!"

तर पाटी. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं की बघत राहावं. आणि माणूस इमानी. सांगाल ते लिहायचा, आपल्या मनचं घालायचा नाही. थंडोबा त्याच्याकडे गेला आणि त्याच्या त्या आवाजात सांगितलंन, इथे फक्त बियर मिळते. भाडं नाही. लिही.

पेंटरनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि दोन दिवसांनी पाटी आणून स्वतः शेडच्या दारावर ठोकून गेला. निळ्यावर पांढरी अक्षरं. थंडोबा तेव्हा पिंपाला कान लावून उभा होता. बायको भाजी घेऊन येत होती, ती पाटीसमोर थांबली, वाचली, आणि जी हसायला लागली ती पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकलीच. मी धावत बाहेर, मला वाटलं हिला काही झालं.

"अगं काय झालं?"

"वाचते, ऐक. इथे फक्त बियर मिळते. *भांडं* नाही!"

थंडोबा बाहेर आला, त्यानं अक्षर अक्षर लावून वाचलं आणि त्याचं तोंड असं उतरलं की हिचं हसणं थांबलं. एवढे दिवस मनात जुळवलेलं एक वाक्य, आणि त्याचं हे झालं. चपला न घालता निघाला पेंटरकडे. थंडोबा, आणि अनवाणी, आणि भरभर! लोक दारात येऊन बघायला लागले.

पेंटर शांतपणे कुंचला धूत होता. "मी ध चा मा नाही केला हं. तू म्हणालास तेच लिहिलं."

"मी भाडं म्हणालो!"

"तू आत्तासुद्धा भांडंच म्हणालास."

"तुला माहितीय मी कसा बोलतो ते!"

"माहितीय म्हणून तर चाळून घेतलं. तू बोललास ते सगळं लिहिलं असतं तर ‘इंथें फंक्त बिंयर’ झालं असतं. मी सगळी टिंबं गाळली. एवढं एक ठेवलं, कारण बियर आणि भांडं यांचं नातं मला समजतं. बियर आणि भाडं यांचं काय नातं?"

"अरे, तेच तर लोकांना सांगायचं होतं मला!"

पेंटर ओशाळला. म्हणाला, रंग वाळू दे, ओल्यावर पुसलं तर सगळी पाटी बरबटेल. उद्या येऊन टिंब झाकतो. थंडोबा परत आला आणि शेडमध्ये तपेल्याजवळ जाऊन बसला. त्या दिवशी त्यानं पिंपाला कानसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी समोरची शिंपीण आली. हातात झाकणाची स्टीलची किटली. जरा फणकाऱ्यातच होती.

"भांडं नाही म्हणून एवढी मोठी पाटी लावायची काय गरज होती? तोंडानं सांगितलं असतं तरी आणलं असतं. घ्या. हे चालेल का?"

थंडोबा बघतच राहिला. बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. "भरा!"

त्यानं किटली भरली. भरली कसली, फेस बसेपर्यंत थांबला, परत भरली, परत थांबला, आणि तोवर शिंपीण विचारत राहिली, बाटलीत का नाही, बारमधल्यापेक्षा स्वस्त कशी, आणि ती हिरवी एवढी महाग का. हा सांगत राहिला. जहाज सांगितलं, जकात सांगितली, आचाऱ्याच्या बापाची किटलीही सांगितली. शिंपिणीनं स्वतःच्या किटलीकडे पाहिलं. "म्हणजे त्या लोकांकडे असंच आणतात होय? आणि आपण इथं काचेला भाडं देतो!"

झालं. शिंपिणीला कळलं म्हणजे रस्त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी नळदुरुस्तीवाला थर्मास घेऊन आला. मास्तरीणबाई पाण्याचा जग घेऊन आल्या, वर रुमाल टाकून, कुणी बघू नये म्हणून, आणि त्यामुळेच सगळ्यांनी बघितलं. एक जण फुलदाणी घेऊन आला, त्याला थंडोबानं परत पाठवलं, आधी धुऊन आण म्हणून. लोक रांगेत उभे, हा आपल्या चालीनं भरतोय, आणि त्याच्या सावकाशपणाला पहिल्यांदाच कुणी नावं ठेवत नव्हतं. उभ्या उभ्या गप्पा व्हायच्या. महाग का, स्वस्त का, हे आता आमच्या रस्त्यावर कुणालाही विचार. हिरवी बाटलीही लोक घ्यायचे, अगदी सोडली नाही बरं. चांगलीच होती ती. पण आता घेताना म्हणायचे, "आज जरा भाडं पिऊ या."

पेंटर आला होता दुसऱ्या दिवशी, शिडी आणि निळ्या रंगाचा डबा घेऊन. थंडोबाची बायको शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिली.

"टिंबाला हात लावलात तर तुमचा डबा तुमच्याच डोक्यावर."

"पण चूक आहे ना, वहिनी. माझी इज्जत आहे."

पेंटरनं थंडोबाकडे पाहिलं. थंडोबा तपेल्यात पळी फिरवत होता. वर न बघता म्हणाला, "राहूं दें." ही दोन्ही टिंबं तेवढी लिही हं, ही त्याची स्वतःची आहेत.

बारवाला मात्र फिरकला नाही. थंडोबाच्या मनाला ते लागत होतं, म्हणायचा नाही, पण रोज संध्याकाळी एकदा कोपऱ्याकडे बघून यायचा. इतक्या वर्षांचा माणूस. आणि रस्त्याच्या किटल्यांवर तपेलं कितीसं चालणार, ही धास्ती होतीच. उन्हाळा सरला. भंगारवाला परत एक चक्कर मारून गेला, ह्या वेळी टकटक न करता, एक लोटा भरून घेऊन.

मग एका सकाळी दारात घरंगळण्याचा आवाज आला. बारवाला. रिकामं पिंप पायानं ढकलत आणलेलं, घामाघूम. पाटीखाली थांबला, वर बघितलं, घसा खाकरला.

"भांडं आणलंय," म्हणाला.

थंडोबा पिंपावर थाप मारून म्हणाला, "मोठं आहे. वेळ लागेल, मालक."

"तुला कशाला वेळ लागत नाही!" बारवाला पोत्यावर बसला. "गिऱ्हाईक मलाच शिकवायला लागलंय रे. जकात काय, गोदाम काय! म्हणतात, हे सगळं असू दे, त्या टिंबाची बियर कधी येणार?"

तेव्हापासून तिचं नाव ते. टिंबाची बियर. तपेलं अजून तिथंच आहे, थंडोबाही आहे, आता काठीनं चालतो, म्हणजे आणखीनच सावकाश. फक्त पाटीचा रंग उडालाय, अक्षरं पुसट झालीत. ती नव्यानं रंगवायचीय. पेंटर गेला बिचारा, आता त्याचा मुलगा हे काम करतो. गुणी आहे, शिकलेला आहे, आणि तीच भीती आहे. बापाची चूक म्हणून शुद्ध करून टाकेल.

म्हणून हे वाचणाऱ्या बाबा, कुणीही अस, त्याच्या दुकानावरून जाशील तर त्याला माझा एवढा निरोप दे. म्हणावं, अक्षरं सगळी नवी काढ, रंग हवा तो दे. टिंब तेवढं वडिलांनी दिलंय तिथंच राहू दे.